मान्ना रोज सकाळीच वेचावा लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती जीवनातील आळस आणि लोभ यांविषयी उपदेश पुष्कळ होतात. पण ही दोन्ही पापे बहुधा वेगवेगळ्या माणसांची म्हणून सांगितली जातात. आळशी तो, जो उपासनेला येत नाही. लोभी तो, जो पैशामागे धावतो. मला मात्र ती पुष्कळदा एकाच माणसात नांदताना दिसली आहेत, आणि त्यांचे मूळ व त्यांवरचा उपाय हेही बरेचसे एकच आहेत असे वाटते. त्याविषयी आपल्या पत्रातून वाचकांपुढे काही मांडावे, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात स्वतःपासूनच करतो. जमाखर्चाची वही मी रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, पूर्ण करूनच झोपत असे. त्याच टेबलावर पवित्र शास्त्रही असे. एका रात्री ते उघडले तेव्हा खुणेची फीत यिर्मया या पुस्तकाच्या एका पानावर होती. ती उचलली तर कागदावर तिचा खोलगट ठसा उमटलेला दिसला. ते पान मी चार महिन्यांपूर्वी वाचले होते. या चार महिन्यांत मी रविवारची एकही उपासना चुकवली नव्हती, मंडळीच्या (चर्चच्या) कामातही होतो, आणि मला कोणी आळशी म्हटले असते तर मनापासून दुखावलो असतो. वहीत मात्र एकाही दिवसाचा खाडा नव्हता.

चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशाने (निधन इ. स. 399) मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांचे वर्णन करून ठेवले आहे. त्यांपैकी एकाला तो ‘अकेडिया’ म्हणतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ आस्था नसणे असा आहे. ‘आस्थेविषयी मंद असू नका’ हे रोमकरांस पत्रातील वचन ज्यांना पाठ आहे, त्यांना तो लगेच उमगेल. हा विचार सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य जागचा हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीशी जातो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते पाहतो, कोणी भाऊबंद भेटायला येतो का याची वाट बघतो. मग मन सांगू लागते की या बांधवांमध्ये प्रीती उरलेली नाही, देवाची सेवा तर कुठेही करता येते, तेव्हा दुसरी जागा शोधावी. एका मंडळीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या आपल्या काळातील माणसाचे इतके अचूक चित्र मी अन्यत्र वाचलेले नाही. या माणसाला झोप येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो अस्वस्थ आहे. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी या आळसाला शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याचा दिवस पवित्र पाळण्याच्या, आज्ञेविरुद्धचे पाप ठरवले ते याच कारणासाठी: देवाच्या ठायी विसावणे त्याला जमत नाही, मग हात कितीही कामात असोत.

हाच एवाग्रियस द्रव्यलोभाविषयी लिहितो तेव्हा सोन्यानाण्याच्या झगमगाटाचा उल्लेखही करत नाही. लोभ माणसाच्या कानात काय सांगतो, तर म्हातारपण लांबलचक असेल, हात काम करीनासे होतील, दुष्काळ पडेल, आजार येतील, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज वाट्याला येईल. म्हणजे लोभाची बोली भीतीची आहे. ही दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला माझे दुखणे कळले. आळस आजचा दिवस असह्य लांब करून दाखवतो आणि लोभ पुढची वर्षे. दोघांनाही ‘आज’ नकोसा असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकरी आपल्या जिवाला म्हणतो की पुष्कळ वर्षे पुरेल इतका माल साठला आहे, आता विसावा घे, खा, पी, आनंद कर. लोभाने कोठारे बांधायला घेतली आणि त्यांत पहिल्यांदा येऊन झोपला तो आळस. देवाचे उत्तर मात्र ‘आज रात्री’ असे आहे.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात या दोघांची एकत्र परीक्षा होते. मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने आकाशातून दिलेले अन्न, रोज सकाळी वेचायचा, माणशी एक ओमर (एक माप). सकाळपर्यंत कोणी काही शिल्लक ठेवू नये, अशी ताकीद होती. ज्यांनी ठेवले त्यांच्या साठ्यात किडे पडले व त्याला दुर्गंधी सुटली. हा भाग सर्वांच्या लक्षात असतो. ऊन तापले की जमिनीवरचा मान्ना वितळून जाई, हे त्याच अध्यायातले वाक्य मात्र सहसा प्रवचनात येत नाही. ज्याने साठवले त्याच्याही हाती काही उरले नाही आणि जो अंथरुणात पडून राहिला त्याच्याही. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि दुसऱ्या दिवशीसाठी ठेवलेलेही नासत नसे, कारण ते शब्बाथासाठी देवाने सांगून ठेवलेले होते. त्यामुळे बचत तेवढी पाप, असा अर्थ यातून कोणी काढू नये. मुलांच्या शिक्षणासाठी काटकसर करणाऱ्या आईबापांना लोभी म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच आजाराने किंवा दुःखाने खचलेल्या, प्रार्थनेचे शब्दही न सुचणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे. अशा माणसाला विश्रांती आणि सोबत द्यावी, प्रसंगी डॉक्टरही दाखवावा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. देवाला द्या म्हणजे तो अनेक पटींनी परत करील, अशी शिकवण काही व्यासपीठांवरून दिली जाते. तीत अर्पण ही गुंतवणूक होते आणि प्रार्थना ही वसुली. लोभावरचे औषधच लोभाला खाऊ घालण्याचा हा प्रकार आहे. आणि कर्जात बुडालेली गरीब माणसे त्याला बळी पडतात, याचे मला फार दुःख होते. कलस्सैकरांस पत्रात लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे. वेदीवर चढवल्याने त्या मूर्तीचा देव होत नाही.

उपायाच्या बाबतीत मला येशूला भेटलेल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराचे उदाहरण मोठे वाटते. यापुढे मी चांगले वागेन, असे त्याने प्रभूला सांगितले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट, असे आकडे त्याने उभे राहून, सर्वांदेखत उच्चारले. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात पहिल्या मेथडिस्टांपैकी एकाचा हिशेब दिला आहे, आणि तो त्यांचा स्वतःचाच असे मानले जाते. उत्पन्न 30 पौंड होते तेव्हा खर्च 28. पुढे उत्पन्न 60, 90, 120 पौंड झाले तरी खर्च 28 वरच राहिला आणि बाकीचे दान झाले. ‘जमेल तसे देऊ’ या शब्दांत लोभ आणि आळस दोघांनाही सुरक्षित जागा मिळते. ठरलेल्या आकड्यात मिळत नाही. वेळेचेही तसेच आहे. वाळवंटातील संत अंतोनी यांना याच मरगळीने ग्रासले असता, त्यांच्यासारखाच दिसणारा एकजण बसून दोर वळताना, मग उठून प्रार्थना करताना, आणि पुन्हा बसून दोर वळताना त्यांना दिसला, अशी कथा आहे. असे कर म्हणजे तुझे तारण होईल, एवढेच त्यांना सांगण्यात आले. कोणतेही मोठे व्रत त्यांच्यावर घातले गेले नाही.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. महिन्याचे दान वहीत खर्चाच्या शेवटी लिहीत असे, ते आता पहिल्या ओळीत, आकड्यासह लिहितो. आणि वही उघडण्याआधी पंधरा मिनिटे शास्त्रवाचन व प्रार्थना करतो. मन लागत नसेल त्या रात्री उभा राहून एखादे स्तोत्र नुसते मोठ्याने वाचतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हे म्हणताना ‘आज’ या शब्दाशी मी आता थांबतो; लहानपणापासून तो किती सहज ओलांडत आलो, याचे आश्चर्य वाटते. या पंधरा मिनिटांत अजूनही कितीतरी वेळा माझी नजर घड्याळाकडे जाते. फीत मात्र यिर्मया संपवून विलापगीतात पोहोचली आहे.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक