लेबल ऐकू आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पॉडकास्टचे पुढे काय होणार, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी आपल्या संकेतस्थळावरचे ‘ऐका’ हे बटण दाबून ऐकला. वाचणारा आवाज यंत्राचा होता. तसे कुठे सांगितले नव्हते. मला ते कळले, कारण मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि यंत्राच्या आवाजांशी माझी ओळख आपल्या बहुतेक वाचकांपेक्षा जुनी आहे. लेख चांगलाच होता. त्यात ऐकणाऱ्याची बाजू तेवढी राहून गेली, म्हणून हे पत्र.

यंत्राच्या आवाजाशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो. नोकरीची शेवटची वर्षे संगणकावर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, जिवावर काढली. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये ते काम सुरू केले आणि जगाला फुकट दिले. त्यातला मी वापरतो तो मराठी आवाज म्हणजे पत्र्यावर खडे पडावेत तसा. मी तो अशा वेगाने ऐकतो की घरी आलेल्या पाहुण्याला ही मराठी आहे, याचाही पत्ता लागत नाही. पण त्या आवाजाने आपण माणूस असल्याचा आव कधी आणला नाही. समोर लिहिले असेल ते वाचायचे, लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर चुकीसकट वाचायचे, एवढाच त्याचा धर्म.

नव्या गोष्टीही वापरून पाहतो. गूगलच्या नोटबुकएलएममध्ये आपण दिलेल्या कागदपत्रांवरून दोघांच्या गप्पा तयार करून देण्याची सोय सप्टेंबर 2024 मध्ये आली आणि एप्रिल 2025 मध्ये ती पन्नासहून अधिक भाषांत, मराठीतही, मिळू लागली. निवृत्तिवेतनाचे एक लांबलचक परिपत्रक मी त्यात टाकले. एक बाई आणि एक बुवा त्यावर असे रंगून बोलू लागले, जणू दोघांचीही पेन्शन अडकली आहे. मधूनमधून ‘अगदी बरोबर!’ चालूच. तरी मुद्दे नीट कळले. पूर्वी यासाठी पुतण्याची मनधरणी करावी लागायची. माहिती सोपी करून सांगणारे पॉडकास्ट यंत्राच्या हाती जाणार, असे मला वाटते, आणि त्याचे फारसे दुःखही होत नाही. विकिपीडियाचे पान पुढ्यात घेऊन वाचणारी हाडामांसाची मंडळीही आपल्याकडे काही कमी नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे. मध्यंतरी घरगुती औषधांवरचा एक मराठी पॉडकास्ट ऐकण्यात आला. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘माझी आजी कोकणातली. सांधे धरले की ती निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची.’ ऐकायला छान वाटले. पुढे एकदा शेअर बाजारावरचा दुसराच कार्यक्रम लावला, तर त्यात हाच आवाज! आता आजी विदर्भातली झाली होती आणि पै पै साठवून सोने घेत होती. मग मी दोन्ही कार्यक्रम पुन्हा लावून नीट कान दिला. श्वास घेतल्याचा आवाज होता, पण वाक्य चार शब्दांचे असो की चाळीस, श्वास तेवढाच. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च एकाच साच्यातले. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्या खोलीला भिंती नव्हत्या. माणूस कुठेही बसून बोलला तरी त्याचा आवाज कशावर तरी आपटून परत येतो. कपाट, पडदा, फरशी, काहीतरी लागतेच. इथे काहीच नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, इथे जीभही नाही आणि टाळूही नाही.

अर्थात ही कानाची फुशारकी फार दिवस टिकणारी नाही. हे दोष झपाट्याने कमी होत आहेत. च सुधारत चालला आहे, आणि खोलीला भिंती लावून देणे तर हे आवाज बनवणाऱ्यांना अवघडच नाही. शिवाय तयार होणाऱ्या मालाचा आकडा पाहा. इन्सेप्शन पॉइंट एआय या अमेरिकी कंपनीने 2025 मध्ये सांगितले की ती आठवड्याला सुमारे 3000 भाग काढते आणि एका भागाचा खर्च साधारण एक डॉलर येतो. एक डॉलरमध्ये आजी कुठल्याही जिल्ह्यातली मिळते.

म्हणून लेबलाचा, म्हणजे ‘हे यंत्राने केलेले आहे’ असे सांगणाऱ्या खुणेचा, प्रश्न. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये नियमांचा मसुदा काढला, तेव्हा कृत्रिम दृश्यावर दहा टक्के जागा आणि कृत्रिम आवाजात सुरुवातीचा दहा टक्के वेळ खुणेसाठी राखावा, असे म्हटले होते. फेब्रुवारी 2026 च्या अंतिम नियमांत ते टक्के गेले, पण आवाजाच्या बाबतीत ही सूचना सुरुवातीलाच ऐकू येईल अशी असावी, ही अट राहिली. अॅपलच्या पॉडकास्ट नियमावलीतही यंत्राचा मोठा वाटा असेल तर ते ध्वनीत आणि वर्णनात, दोन्हीकडे सांगा, असे आहे. कागदावर सगळे ठीक. माझ्या कानावर मात्र अशी सूचना क्वचितच पडते. बहुतेक ठिकाणी ती वर्णनाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, तीही इंग्रजीत असते.

ती तिथे का चालणार नाही, याचे कारण पॉडकास्टच्या रचनेतच आहे. पॉडकास्ट एका दुकानात राहत नाही. त्याची ध्वनिफीत एका ठिकाणी ठेवलेली असते आणि आरएसएस फीडवरून, म्हणजे नव्या भागांची माहिती आपोआप पोहोचवणाऱ्या यादीवरून, ती अनेक अॅपमध्ये जाते. एखाद्या अॅपने पडद्यावर लावलेले चिन्ह दुसऱ्या अॅपमध्ये दिसेलच असे नाही. आणि कोणी ती फाइल उतरवून व्हॉट्सअॅपवर पुढे धाडली की वर्णन गळून पडते, उरतो फक्त आवाज. जे आवाजात बोललेले आहे तेवढेच शेवटपर्यंत सोबत जाते. डोळसांनीही हा प्रश्न अंधांचा म्हणून सोडून देऊ नये. भाकरी थापताना, एसटीत खिडकीला डोके टेकून, मोबाइल खिशात ठेवून ऐकणारा तेवढ्यापुरता माझ्याच पंक्तीला असतो. आपले वृत्तपत्र ‘ऐका’ बटणापासून याची सुरुवात करू शकेल. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या मालकीची. आमच्या लहानपणी स्वयंसेवक पुस्तके कॅसेटवर वाचून द्यायचे. एक शिक्षिका दुपारी घरी बसून वाचायच्या. पान उलटल्याचा आवाज यायचा, कुकरची शिट्टी झाली की ‘एक मिनिट हं’ म्हणून त्या उठून जायच्या, आणि तेही कॅसेटवर तसेच राहायचे. त्या आता नाहीत. त्यांच्या कॅसेट संगणकावर घेणाऱ्या एका उत्साही मुलाने मला विचारले, ‘काका, यावरून बाईंचा आवाज तयार होईल, त्या आवाजात नवी पुस्तके करू या का?’ मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण मी म्हटले, आधी त्यांच्या मुलांना विचार. अजून त्यांचे उत्तर आलेले नाही, आणि ते येईपर्यंत काम बंद आहे.

नामवंतांना न्यायालय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि 2025 मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाला अशा नकलेपासून अंतरिम संरक्षण दिले. अमेरिकेत विनोदकार जॉर्ज कार्लिन 2008 मध्ये वारले. जानेवारी 2024 मध्ये एका पॉडकास्टने त्यांच्या नकली आवाजात तासाभराचा कार्यक्रम केला, तेव्हा वारसांनी दावा लावला आणि तो कार्यक्रम काढायला लावला. दुपारी वाचत बसणाऱ्या बाईंच्या वतीने वकील कोण देणार? त्यांचे मात्र कित्येक तासांचे स्वच्छ, सावकाश वाचन कॅसेटवर पडून आहे, आणि अशा यंत्रांना नेमके तेच हवे असते.

मराठी पॉडकास्ट काढणाऱ्यांना माझी विनंती छोटी आहे. यंत्राचा आवाज जरूर वापरा. भागाच्या सुरुवातीला मराठीत एवढे बोला: ‘हा आवाज यंत्राचा आहे. मजकूर अमुक यांनी तपासला आहे.’ दुसरे वाक्य अनेकजण गाळतील, आणि मला तेच जास्त हवे आहे. निर्गुडी कोणी बांधू नये, किती वेळ बांधावी, हे विचारायला आजी नाही, हे कळले. तर मग तपासणाऱ्याचे नाव आणि संपर्काचा पत्ता तरी द्या, आणि तो वर्णनात लिहून नव्हे, भागाच्या शेवटी सावकाश दोनदा वाचून.

आपला,
एक दृष्टिहीन श्रोता, सांगली