नाना, सीटखालच्या त्या पिवळ्या कनेक्टरबद्दल

ती. नाना,
साष्टांग नमस्कार.

आखाजीला माहेरी निघाले तेव्हा गाडीतला एअरबॅगचा दिवा पेटला, तो अमळनेरहून चोपड्यापर्यंत विझलाच नाही. मागे लेक झोपलेली. हा दिवा लागलेला असला की अपघातात बॅग उघडेलच याची खात्री नसते, हे मला ठाऊक होतं. त्यात वाटेतल्या गॅरेजवाल्यानं तपासणी न करताच मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग चालवणारा कंट्रोल बॉक्स, बदलायला सांगितलेलं. मी पार हबकले होते.

तुम्ही ओट्यावरूनच विचारलंत, "काय व्हयनं वं माय?" आणि मग, "गाडीत शेवटचं काय केलं होतं?" सणासाठी सीट मागे सरकवून खालून व्हॅक्यूम मारला होता. उत्तर तिथंच होतं, पण तुम्ही अंदाजानं हात घातला नाहीत. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा आमचा स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवायचा. तुमच्या स्कॅनरनं एअरबॅगचा कोड वाचला: ड्रायव्हरच्या सीटमधल्या साइड एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त, म्हणजे विजेच्या वाटेत कुठंतरी अडथळा.

मी मल्टीमीटर काढला, तेव्हा तुम्ही माझा हातच धरलात. मीटरच्या एवढ्याशा करंटनंही बॅग फुटू शकते, हे मला खरंच माहीत नव्हतं. नाना, त्या क्षणाचे आभार कसे मानू?

किल्ली बंद, 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, आणि 10 मिनिटं नुसतं बसायचं. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमधल्या कपॅसिटरात चार्ज साठवलेला असतो, तो उतरू द्यायचा. उन्हात तुम्ही घाई केली नाहीत, मलाही करू दिली नाहीत. मग सीटखालचा पिवळा कनेक्टर: अर्धवट बसलेला, लॉक उघडं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो टक्क आवाज होईपर्यंत दाबलात, वायरीला टाय लावलात. बॅटरी जोडून किल्ली फिरवताना कुणाला आत बसू दिलं नाहीत. कोड पुसला. दिवा काही सेकंद लागला आणि विझला.

"कोड स्टिअरिंगमधल्या एअरबॅगचा असता तर मी हात लावला नसता, वर्कशॉपलाच धाडलं असतं," असं तुम्ही म्हणालात. म्हणूनच तुमच्यावर माझा जास्त भरवसा बसला.

आता रोज किल्ली फिरवली की दिवा विझेपर्यंत थांबते, मगच गिअर टाकते. आईनं दिलेलं पाकीट तुम्ही परत पाठवलंत. मांडे आणि आमरसाचा डबा मात्र ठेवून घ्या.

तुमची लेक