आप्पांना पत्र: नातवाचे डार्ट्स आणि नोव्हेंबरातलं लग्न

मँचेस्टर

ती. आईआप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. जेवणाची आबाळ नाही, स्वेटरही पुरेसे आहेत, तेव्हा आईने काळजी करू नये.

आप्पा, "पोराला गुत्त्यातला खेळ कशाला लावलास?" हे तुम्ही फोनवर विचारलंत, त्याचं उत्तर नीट लिहूनच देते. डार्ट्स, म्हणजे भिंतीवरच्या गोल बोर्डावर टोकदार छोटे बाण मारायचा खेळ, पबमध्ये वाढला, हे खरं. मुलांच्या स्पर्धाही पुष्कळदा क्लबच्या हॉलमध्ये असतात आणि शेजारी बार असतो. पण १८ च्या आतल्या मुलांना दारू विकणं इथे गुन्हा आहे, बेटिंगलाही १८ पूर्ण लागतात. आईला डोळ्यांची भीती वाटते, कारण टोकं पोलादी. म्हणूनच रेघेवर एकाच वेळी एकच जण उभा राहतो, बाकीचे मागे, आणि तिन्ही डार्ट फेकून झाल्याशिवाय बोर्डाकडे जायचं नाही.

तुम्हाला आवडेल तो हिशेब. प्रत्येकाचे ५०१ गुण, ते उतरवत शून्यावर आणायचे. एका पाळीत तीन डार्ट. शेवटचा मात्र डबलमध्येच बसला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या जेमतेम ८ मिलिमीटरच्या पट्टीत, जिथे आकडा दुप्पट होतो, नाहीतर बुलमध्ये, म्हणजे अगदी मधल्या ५० गुणांच्या ठिपक्यात. कॅरममध्ये राणी घेतली तरी कव्हर लागतं, तसंच. जास्त गुण पडले किंवा नेमका १ उरला, तर अख्खी पाळी बाद आणि आकडा होता तिथेच. म्हणून शहाणी मुलं शेवटी ३२ राखायला बघतात. डबल १६ मारताना डार्ट आत घसरला तर १६ उरतात, म्हणजे डबल ८. पुढे डबल ४, २, १, निम्मं-निम्मं होत शेवटपर्यंत डबल मिळत राहतं. ४० वर असताना तसंच घसरत गेलं तर २०, १० आणि मग ५ उरतात. ५ विषम, तिथे ते सम करण्यात एक डार्ट खर्ची. १७० तीन डार्टांत संपतात (दोन ट्रिपल २०, म्हणजे २० ची तिप्पट देणारी पट्टी, आणि बुल), १६९ संपतच नाहीत. २० च्या दोन बाजूंना ५ आणि १ आहेत. त्यामुळे नेम जरा पसरला की तीन ट्रिपल २० चे १८० राहतात बाजूला आणि २०, ५, १ मिळून २६ हातात.

एक रीत मात्र आपल्याकडे कुणाला पटणार नाही. मुलांच्या बऱ्याच स्पर्धांत हरलेल्यानेच पुढच्या सामन्याचे गुण लिहायचे असतात. डोळ्यांत पाणी असलं तरी. निर्दय वाटतं, पण एका हॉलमध्ये इतके बोर्ड लावलेले, तेवढी माणसं आणणार कुठून? गुण लिहिणाऱ्याने बोर्डाशेजारी, खेळाडूंकडे पाठ करून उभं राहायचं. मान वळवायची नाही, पाय बदलायचा नाही, कारण नेम धरणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल दिसते. डार्ट बोर्डात असतानाच गुण मोजायचे. लिहून होण्याआधी खेळाडूने ते उपसले की भांडण ठरलेलं. उडून खाली पडलेल्या डार्टला शून्य. खेळाडूने विचारलं तर "७२ राहिले" एवढं सांगता येतं, ते कसे संपवायचे हे सांगता येत नाही. वजाबाकी मनातल्या मनात आणि लगेच. गणिताच्या शिकवणीचे पैसे वाचले म्हणा!

१६ ते २४ वयाच्या मोठ्या मुलांसाठी पीडीसीची (व्यावसायिक डार्ट्सची संघटना) जागतिक युवा स्पर्धा २०११ पासून आहे. २०२३ ची इथल्याच ल्यूक लिटलर या मुलाने जिंकली आणि ३ जानेवारी २०२५ ला, वयाच्या १७ व्या वर्षी, मोठ्यांचं विश्वविजेतेपद आणि ५ लाख पौंड. आप्पा, लगेच रुपये करत बसू नका, असा एखादाच निघतो. आपल्याकडे शाळा आधी, हे घरात ठरलेलं आहे. आणि आई, मुली या युवा स्पर्धेत वेगळ्या काढत नाहीत. २०२५ च्या युवा स्पर्धेत उपांत्य फेरीत बो ग्रीव्ह्ज या मुलीने त्याच लिटलरला ६-५ हरवलं.

नाताळात आम्ही येताना बोर्ड आणणार. डार्ट सामानातच टाकावे लागतात, विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत. ओसरीवर खिळा ठोकून ठेवाल का? बुलचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंच हवा. रेघ ७ फूट सव्वानऊ इंचांवर, पण ती बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून मोजायची, भिंतीपासून नाही, नाहीतर बोर्डाच्या जाडीइतकी चूक राहते. बोर्ड सिसलच्या धाग्यांचा असतो, ओल्या फडक्याने पुसू नका, फुगतो.

आता छोटीचं लग्न. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला आणि नेमकी त्याच आठवड्यात लेकाची डार्ट्सची स्पर्धा. नाव आधीच दिलं होतं. मी हळदीच्या आदल्या दिवशी पोचते, पण बापलेक येणार नाहीत. छोटीला मी स्वतः सांगितलंय, ती "चालेल ताई" म्हणाली, पण तिचं "चालेल" मला कळतं. हॉलचे उरलेले पैसे या आठवड्यात पाठवते. डार्ट्सपायी हात आखडला असं कुणाला वाटू देऊ नका. जावईबापूंच्या अंगठीचंही माझ्याकडे लागलं. कानपिळीला भाच्याला उभं करायचं ठरलं होतं, ते आता काकांच्या धाकट्याला सांगा, आणि त्याच्या कपड्यांचं माप मला कळवा.

तुमची,
मोठी