घाव हातोड्याचा नव्हता

संपादक महोदय,

डिचोली तालुक्यात खाणींवर आणि पुढे कारखान्यांत मी 31 वर्षं फिटर होतो. गेल्या जूनमधली एक गोष्ट मनातून जात नाही.

खाणीतलं पाणी उपसायचे दोन पंप एकाच चौथऱ्यावर. एक चालू, दुसरा स्टँडबाय. मुसळधार लागली तेव्हा दुसरा चालू केला, तर मोटर घरघरायला लागली. मोटरीचा शाफ्ट ज्यात फिरतो ते रोलर बेअरिंग उघडलं तर आतल्या रिंगवर सारख्या अंतराने आडव्या खुणा. हातोडा मारून बसवलंय, असा निकाल तिथल्या तिथे लागला. ते बेअरिंग दिवाळीनंतर ज्याने बसवलं होतं, त्या कंत्राटी पोराला त्याच संध्याकाळी काढलं. भंगारातून ते मागून घेऊन तो माझ्याकडे आला. कोणी धुतलं नव्हतं, हे फार बरं झालं.

खुणांमधलं अंतर रोलरांच्या अंतराएवढंच होतं. पण हातोड्याचा दणका असो की बंद मशीनची थरथर, ते दोन्ही प्रकारांत तसंच असतं, फसगत होते ती तिथेच. हातोड्याच्या दणक्याने रोलर रुततो, पोलाद दबतं, पण झिजत नाही. त्यामुळे खड्ड्याच्या तळाशीही ग्राइंडिंगच्या बारीक रेघा दिसतात. इथे भिंगाखाली त्या रेघा पार पुसलेल्या होत्या. कडेच्या ग्रीसमध्ये तांबूस भुकटी. पाणी शिरलं म्हणावं, तर सील शाबूत आणि ग्रीस दुधाळ झालेलं नाही.

बंद मोटर सात महिने शेजारच्या पंपाच्या कंपनाने थरथरत होती. शाफ्ट फिरत नाही, रोलर जागच्या जागी घासत राहतो, मधलं ग्रीस बाजूला सरतं, आणि पोलाद पोलादाला खातं. बेअरिंगच्या बिघाडांचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ 15243 या मानकात ही इजा आणि हातोड्याची इजा वेगवेगळ्या वर्गांत आहेत. इन्व्हर्टरवरच्या (म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर चालणाऱ्या) मोटरीत वीज बेअरिंगमधून गेली की पडणारे चर आणखी निराळे.

पंप आठवड्याने आलटून पालटून चालवले असते, तर हे टळलं असतं. नवीन बेअरिंग घातलं आणि पुन्हा तसंच उभं ठेवलं, तर पुन्हा तेच होणार, बसवणारा कोणीही असो. निकामी बेअरिंग तपासण्याआधी धुऊ नका, फेकू नका. कुठल्या बाजूचं, वर काय होतं, खाली काय होतं, ते खडूने लिहून ठेवा. आयटीआयमध्ये बेअरिंग बसवायला शिकवतात, तसंच ते वाचायलाही शिकवावं.

त्या पोराला चवथीच्या आधी कामावर परत घ्यावं, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. बेअरिंग माझ्या घरी ग्रीससकट जपून ठेवलंय. भिंग घेऊन कधीही यावं.

एक निवृत्त फिटर, डिचोली