अंकांशेजारी टक्केही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी मी त्याला पेपर वाचून दाखवते. निवृत्तीच्या पैशातला काही भाग त्याने शेअरमध्ये घातला आहे, त्यामुळे अर्थविषयक पान तो चुकवू देत नाही. मी बत्तीस वर्षे गणित शिकवले. तरीही मनात वाचताना जे शब्द मी सहज ओलांडून जात होते, त्यांपाशी दादा आता मला थांबवतो.

परवा ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले’ असे वाचले, तर म्हणाला, “मग ते गेले कुणाच्या खिशात?” कुणाच्याच नाही. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे एकूण शेअर. दिवसभरात हात बदलतात ते त्यातले थोडेसेच, पण त्यांच्या भावाने उरलेल्या सगळ्यांची किंमत धरली जाते. ज्याने विकले नाहीत त्याचे शेअर काल होते तेवढेच आहेत. त्यांचे मोल घटले हे खरे, आज विकले तर कमीच मिळेल. ‘बाजारमूल्य घटले’ असे छापले तर यातले काहीच खोटे ठरत नाही.

माझा मुख्य आग्रह मात्र अंकांबद्दल आहे. ‘निर्देशांक हजार अंकांनी गडगडला’, पण हजार कितीमधून? अमेरिकेच्या शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक १९ ऑक्टोबर १९८७ रोजी ५०८ अंकांनी पडला आणि १६ मार्च २०२० रोजी २,९९७ अंकांनी. नुसते आकडे ऐकून दादाने दुसरी पडझड जवळपास सहापट मोठी ठरवली. प्रत्यक्षात पहिली २२.६ टक्क्यांची होती आणि दुसरी सुमारे १२.९ टक्क्यांची. १८९६ मध्ये हा निर्देशांक सुरू झाला तेव्हा तो चाळिसाच्या आसपास होता, म्हणजे हजार अंक पडायला तेवढे अंकच नव्हते! निर्देशांक जसजसा वर चढतो तसतशी तेवढ्याच अंकांची घसरण किरकोळ होत जाते, आणि मथळ्यातले क्रियापद मात्र ‘गडगडला’च राहते.

लाभांशाच्या बातमीतही हाच गोंधळ. ‘४०० टक्के लाभांश’ हा दर्शनी किमतीवरचा, म्हणजे कंपनीने शेअरला नाममात्र ठरवून दिलेल्या किमतीवरचा असतो. दर्शनी किंमत २ रुपये आणि बाजारभाव १,६०० रुपये असेल तर शेअरमागे मिळतात ८ रुपये, म्हणजे आजच्या भावाने घेणाऱ्याला अर्धा टक्का.

हे सगळे मी इतक्या तळमळीने लिहिते, कारण गेल्या वर्षी दादाचे नुकसान झाले. एका दैनिकात (तुमच्या नव्हे) त्याच्या कंपनीबद्दल ‘शेअर एका दिवसात निम्म्यावर’ एवढीच ओळ होती. ती मीच वाचून दाखवली. त्याने घाबरून तासाभरात आपले शंभरही शेअर विकले. खरे तर कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर दिला होता. शंभराचे दोनशे होणार, म्हणून भाव निम्मा. बोनसचे शंभर पुढे खात्यात आलेच, पण विकलेले शंभरही त्याला ठेवायचेच होते. ते परत घेईपर्यंत भाव चढला होता, शिवाय दलाली दोनदा गेली. ‘बोनसमुळे’ हा एक शब्द त्या ओळीत असता तर त्याने विकायला फोन उचललाच नसता.

तेव्हा विनंती एवढीच, की अंकांशेजारी कंसात टक्के द्यावेत, लाभांश शेअरमागे किती ते लिहावे आणि बोनस किंवा विभाजनामुळे (एका शेअरचे अनेक केल्यामुळे) भाव उतरला असेल तर तसे त्याच वाक्यात म्हणावे. वेगळी चौकट नको, ती दादापर्यंत पोहोचेपर्यंत मथळा वाचून झालेला असतो.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका