झावळी नेली, झाकण नाही बसवलं : पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, म्हणून हे पत्र मी सांगते आहे आणि माझी भाची टाइप करते आहे. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मंत्र्यांना पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. आपण कामाच्या गडबडीत असता हे जाणते. तरी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आपण आमच्या गावी आलात त्याच संध्याकाळी मी पडले. आपल्या गाड्यांचा ताफा निघून गेला, त्यानंतर साधारण चाळीस मिनिटांनी, समुद्राकडेच्या पदपथावर, विजेच्या नवव्या खांबाजवळ. तिथे गटाराच्या चेंबरला झाकण नाही. लोखंडी होतं, खाऱ्या वाऱ्याने गंजून आत पडलं, त्याला दोन महिने होत आले. कुणा भल्या माणसाने त्या भोकात माडाची एक झावळी उभी खोचून ठेवली होती. काळोखातही ती सळसळायची आणि आम्ही रोजचे चालणारे तिला वळसा घालून पुढे जायचो. आपला दौरा ठरला तशी आदल्या दिवशी साफसफाई झाली. पदपथ झाडला, कडेच्या दगडांना काळे-पांढरे पट्टे मारले, आणि कचरा समजून झावळी उचलून नेली. झाकण काही कुणी बसवलं नाही.

दिवे लागायचे होते. माझा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि हात टेकला तिथेच मनगट मोडलं. जेटीकडून परतणाऱ्या दोन कोळणींनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून मला बाहेर ओढलं. एकीने स्वतःच्या ओढणीची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं, याची मला रोज चुटपुट लागते.

मी एकटी राहते. एका हाताने वेणी घालता येत नाही, गॅसचं बटण दाबून लायटर पेटवता येत नाही, कुलूप काढायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. मधुमेह आहे म्हणून डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. ते बंद झालं, साखर वाढली, आणि आता औषधाचा डोसही वाढवलाय. आणखी एक सांगते. दुखण्यापेक्षा भीती वाईट. घराच्या अंगणातसुद्धा आता मी पाऊल टाकण्याआधी खाली बघते. जन्म गेला समुद्राकडे बघत चालण्यात, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला मान खाली घालून चालायची सवय लागली आहे.

दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी आपण नारळ फोडला होता. जेटीपासून खाडीच्या तोंडापर्यंत चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सलग वाट मिळेल, हे आपलेच शब्द. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. फलकावर लांबी ३२०० मीटर लिहिली आहे. पडण्याआधी मी ती पावलांनी मोजली होती. ११४० पावलं, म्हणजे फार तर साडेसातशे मीटर. तिथून पुढे पेव्हर ब्लॉकची वाहनतळाची जागा लागते, मग एक भिंत, आणि भिंतीला वळसा घालायचा तर डंपर धावणाऱ्या रस्त्यावर उतरावं लागतं. सायकलसाठी म्हणून जो लाल रंग मारला होता तो पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला. आज तिथे शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या उभ्या असतात, आणि इतर दिवशीही असतात.

हा जो तुकडा झाला आहे, त्याची रुंदी मी शिवणाच्या टेपने मोजली. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३ या क्रमांकाची. चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर सोडावी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं त्यांत आहे. आमच्याकडे सेल्फी पॉइंटची मोठी अक्षरं आणि दिव्याचा खांब यांच्या मधे सत्तर सेंटिमीटर उरतात. व्हीलचेअर तिथून धडपणे जाणार नाही. पदपथाच्या तोंडाशी मोटरसायकली अडवायला स्टीलचे खांब ठोकलेत, तेही अशा अंतरावर की मोटरसायकल सहज आत शिरते आणि व्हीलचेअर अडकते. माझ्या वर्गात एकेकाळी पहिल्या बाकावर बसणारा एक मुलगा आज व्हीलचेअरवर आहे. समुद्र त्याच्या घरापासून चारशे मीटरवर आहे आणि कुणीतरी उचलून नेल्याशिवाय त्याला तो दिसत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे, साहेब.

झाकणासाठी मी आधी हात जोडूनच फिरले होते. रस्त्यांच्या खात्याने सांगितलं, पदपथ आमचा नाही. गावच्या कार्यालयाने सांगितलं, खालचा बंधारा बंदराच्या खात्याचा, तिकडे जा. तिकडे सांगितलं, आमचा बंधारा, वरचं काम आमचं नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. कायद्यात तीस दिवस आहेत, उत्तर एकेचाळिसाव्या दिवशी आलं, तेही एका ओळीचं : सदर काम सुशोभीकरण या शीर्षाखाली झाले असून देखभालीची स्वतंत्र तरतूद नाही.

ती ओळ वाचली आणि सगळा उलगडा झाला. तुम्ही आमच्यासाठी वाट बांधलीच नव्हती, गाव सजवलं होतं. डांबरी रस्त्याला खड्डा पडला तर निदान कुणाच्या तरी नावावर तो मांडता येतो. चालणाऱ्याची वाट तुमच्या हिशेबात कारंजं आणि रंगीत दिवे यांच्या रांगेत बसते. उद्घाटनाच्या दिवशी ती नटलेली असली की काम झालं, त्यानंतर तिला मालकच नाही.

आणि चालतं कोण, हे कधी येऊन बघितलंत का? पहाटे पाचला या, ताफा न घेता. जेटीवरून ओल्या पायांनी, डोक्यावर पाटी घेऊन बायका बाजाराकडे निघतात. डोक्यावर वजन असलं की मान वाकवता येत नाही, पायाखालचं भोक दिसत नाही. साडेसहाला शाळेची मुलं सायकलवर निघतात. मुलींनी शाळा सोडू नये म्हणून शासन मानव विकास कार्यक्रमातून त्यांना सायकली देतं. फार चांगली योजना आहे, त्याबद्दल मी शासनाचे आभार मानते. पण सायकल दिली ती चालवायची कुठे? खडीच्या डंपरच्या आणि गटाराच्या मधे जी हातभर पट्टी उरते, तिथे? आमच्या शाळेतल्या दोन मुलींच्या आईबापांनी सायकली घरात उभ्या करून ठेवल्या, कारण मुली धडपणे घरी येतील याची त्यांना खात्री नाही.

आमच्या घरातले हे पोस्टमन होते. एकतीस वर्षं याच रस्त्याने सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्तीनंतरही सायकल सुटली नव्हती. शेवटची चार वर्षं मात्र त्यांनी ती पडवीत टांगून ठेवली. म्हणायचे, आता मागून काय येतंय ते ऐकू येण्याआधीच अंगावर येतं. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, आणि सायकलवाल्याची जागा कुणाच्या लक्षातही न येता संपली. तीसच्या वेगाने येणाऱ्या गाडीपेक्षा पन्नासच्या वेगाने येणाऱ्या त्याच गाडीचा दणका पावणेतीनपटीहून जास्त असतो. हे आठवीच्या मुलाला गणितात येतं, रस्त्याचा आराखडा करणाऱ्याला का येत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेले, चालण्याजोगे पदपथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. राज्यांना धोरण करायला सांगितलं. न्यायालयाला हे सांगावं का लागलं? केंद्राच्याच अहवालात २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. चालायला परवाना लागत नाही, चालणाऱ्याने वेगमर्यादाही मोडलेली नसते. ती फक्त चालत होती.

कायदाही वाचला मी, रिकामा वेळ भरपूर आहे आता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली एक कलम घातलंय, १९८अ. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसली आणि त्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला दंड होतो, जास्तीत जास्त एक लाख रुपये. म्हणजे त्या कलमाला जाग यायला आधी माणूस मेला पाहिजे किंवा अपंग झाला पाहिजे. माझं मनगट त्यात बसत नाही. डॉक्टर म्हणतात, सहा आठवड्यांत जुळेल, थोडा बाक राहील. त्या बाकाची नोंद कुठल्या वहीत होते, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

पुढची अडीच किलोमीटर वाट का झाली नाही म्हणून विचारलं तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी नाही, असं उत्तर मिळतं. समुद्रकिनाऱ्याचे नियम पाळलेच पाहिजेत, मी त्या नियमांच्या बाजूची आहे. पण त्याच पट्ट्यात काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा टाकताना अडचण आली नाही. वाहनतळासाठी सुरूची झाडं तोडताना आली नाही. अडचण येते ती दोन पायांना आणि दोन चाकांनाच. शिवाय चालण्याच्या वाटेला काँक्रीट लागतं हे कुणी ठरवलं? आमच्या कोकणाला वाट बांधणं कुणी शिकवायला नको. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, दोन्ही बाजूंना गडगे, वहाळावर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वरून माडांची सावली. पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून जिरायचं. माझ्या लहानपणी घरापासून पुळणीपर्यंत अशी अखंड पाखाडी होती, आणि अंधारात, कंदिलाशिवाय, आजी तिच्यावरून जायची. ती पाखाडी चार चाकं जावीत म्हणून फोडली. साकव वाहून गेला, त्याला नऊ पावसाळे झाले. आता शाळेची पोरं ओहोटी बघून वहाळ ओलांडतात आणि भरती असली तर डंपरच्या रस्त्याने दीड किलोमीटर वळसा घालतात.

मोठ्या रस्त्यांना मात्र कधी नाही म्हटलं जात नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. त्या धुळीत एक पिढी शाळा शिकून नोकरीला लागली, तरी दर गणपतीला नवी तारीख मिळते. आता रेवस ते रेडी सागरी महामार्ग होतोय, खाड्यांवर पूल उभे राहताहेत. होऊ देत. पण त्या पुलांवर चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला वेगळी, कठड्याआडची जागा आहे का? पूर्वी तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे जाणारी म्हातारी उद्या त्या पुलावरून कशी जाणार? होड्या बंद पडल्या आणि पुलावर पाय ठेवायला जागा नसली, तर ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी समोरचं गाव आणखी लांब जाईल. या राज्याला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असं आम्ही मुलांना शिकवत आलो. त्यातला किती किनारा माणसाने निर्धास्त पायी चालावा असा आहे, हे एकदा मोजून सांगा.

आणि फेरीवाल्यांना हटवून पदपथ मोकळा केला, असं उत्तर कृपा करून पाठवू नका. ती माणसं आमचीच आहेत, त्यांच्यासाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे, त्यांना जागा आखून देणं तुमचं काम. माझा पाय कुणाच्या टोपलीत अडकला नाही.

माझं मागणं फार नाही. नवव्या खांबाजवळचं झाकण, लोखंडाचं नको, गंजणार नाही असं काँक्रीटचं. पदपथाची देखभाल कुणाकडे, ते एका अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह फलकावर लिहा. वहाळावर साकव. आणि सुशोभीकरणाच्या शीर्षाखालून ही वाट काढून रस्त्यांच्या यादीत घाला, म्हणजे दर वर्षी तिच्या दुरुस्तीला पैसे ठेवावे लागतील. बाकीच्या वाटेचं पुढच्या पत्रात लिहीन, तेव्हा माझा हात चालत असेल.

परवा भाची तिकडून आली. चेंबरमध्ये पुन्हा कुणीतरी झावळी खोचली आहे, हिरवी, ताजी. तुमचा पुढचा दौरा कधी आहे तेवढं आधी कळवा. निदान त्या दिवशी ती उचलू नका, असं तरी आम्हाला सफाईवाल्यांना सांगता येईल.

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. प्लास्टर निघालं की येणाऱ्या पहिल्या सोमवारी मी तिथे येते आहे. टेप बरोबर आणते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका