डोळे सोडून

प्रिय दिग्या,

तुझी दोन पत्रं आली, आणि तिसऱ्या पाकिटात नुसता कोरा कागद. टोमणा पोचला. तब्येत ठीक आहे, शुगर जिथे होती तिथेच आहे, गोळ्या चालू. हा विषय संपला.

दाजी गेले, हे अव्यानं सांगितलंच असेल. तू फोन केला नाहीस ते बरं झालं. फोनवर मी "हो, अचानकच" वगैरे बोलून मोकळा झालो असतो. जे सांगायचंय ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, आणि नेमकं तुलाच सांगायला मला तोंड नाही. म्हणून पंधरा दिवस कागद काढतोय आणि परत ठेवतोय.

मेंदूत रक्तस्राव झाला. डोकं फार दुखतंय म्हणाले, उठले आणि पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला त्या छोट्या खोलीत बोलावलं. तुला ती खोली माहीत आहे. हॉस्पिटल कुठलंही असो, ती खोली एकच असते. चार खुर्च्या, टिश्यू पेपरचा डबा, खिडकी नाही. आत पाऊल टाकतानाच मला कळलं काय ऐकायचंय. वाक्यंसुद्धा पाठ होती. सतरा वर्षं अवयवदानाच्या व्याख्यानांत तीच तर लोकांना ऐकवत हिंडतोय मी. कोमा वेगळा आणि ब्रेन डेड वेगळं. कोम्यातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत येत नाही. हृदय चालू दिसतं कारण त्याची चावी त्याच्या स्वतःजवळ आहे, ऑक्सिजन मिळाला की ते ठोकत राहतं. छाती हलते कारण व्हेंटिलेटर हलवतो.

डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं. आणि मी काय बोललो माहितीये? "पण हात गरम आहे हो त्यांचा."

व्याख्यानात मागच्या रांगेतून हा प्रश्न येतोच. तो आला की मी जे हसतो, त्याची तू नक्कल करतोस ना, मान तिरकी करून? डॉक्टर तसे हसले नाहीत. "हो, गरम आहे," म्हणाले आणि गप्प बसले.

दुसऱ्या वेळची तपासणी घरच्या कुणाला बघायची असेल तर बघू देऊ, असं ते म्हणाले. ताईला शक्यच नव्हतं. ओंकार भिंतीकडे तोंड करून उभा. मग मी गेलो, यातला जाणकार म्हणून. डोळ्यांत टॉर्च मारला, बाहुली तशीच. कापसाचं टोक बुबुळाला लावलं, पापणी लवली नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं. जिवंत मेंदू असेल तर त्यानं डोळे सरकतात, ते जागचे हलले नाहीत. मग व्हेंटिलेटर सोडवला, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवला आणि सगळे उघड्या छातीकडे बघत उभे राहिले. यात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि मेंदूच्या बुंध्यात कणभर जरी जीव असला तरी तो श्वास घ्यायला लावतोच. आठ-दहा मिनिटं लागतात. व्याख्यानात मी हे एका वाक्यात उरकतो. दाजींच्या गळ्याशी उन्हानं रापलेला त्रिकोण होता आणि त्याखालची छाती पांढरी, एखाद्या पोरासारखी. मी त्या पांढऱ्या भागाकडे बघत होतो. मधेच लक्षात आलं की मीही श्वास धरून ठेवलाय. तो मला एक मिनिटसुद्धा धरवेना.

हलली नाही छाती. रक्ताचा रिपोर्ट आला, कार्बन डायऑक्साइडचा आकडा ६० च्या वर. म्हणजे संपलं. मग यंत्र परत जोडलं, छाती परत वरखाली व्हायला लागली, आणि दिग्या, मला हायसं वाटलं. सगळं माहीत असून, समोर उभं राहून बघून, हायसं वाटलं.

एवढ्यावर थांबलं नाही. तासाभरानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली. असं होतं. मणक्यातला मज्जारज्जू आपल्या आपण करतो ते, मेंदूचा काही संबंध नसतो. हेही मी प्रश्नोत्तरांत सांगतो. तरी मी सिस्टरला हाका मारत धावलो. वाटेत एका ट्रॉलीला गुडघा आपटला, तो अजून काळानिळा आहे. (तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन करणार होतास ना? करून टाक, घाबरतोस कसला.)

मग अवयवदानाची समन्वयक आली. ओंकारपेक्षाही लहान असेल मुलगी. मला वाटलं आता फॉर्म काढेल. तिनं काहीच काढलं नाही. ताईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका कसे होते?" ताई अर्धा तास बोलली. दाजींचं बातम्या वाचणाऱ्यांशी भांडण, नळाचा वॉशर बदलताना घरभर केलेलं पाणी, सगळं. रडत होती आणि मधे मधे हसतही होती. त्यानंतर कुठे त्या मुलीनं विचारलं, "त्यांना काय हवं होतं असं वाटतं तुम्हाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ओंकार म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. तुमचं यातलं."

मला माहीत नव्हतं. माझ्या दोन व्याख्यानांना दाजी पहिल्या रांगेत बसलेले. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, ते मला पाठवले. मी शेकडो अनोळखी लोकांकडून फॉर्म भरून घेतले, आणि "दाजी, तुमचं काय?" एवढं एकदाही विचारलं नाही. ओंकारनं त्यांचं पाकीट उलटं करून बघितलं. लायसन्स होतं, दोन जुनी बिलं होती. दात्याचं कार्ड नव्हतं.

आणि तिथे, त्या खुर्चीत, मला नंदू आठवला. खोटं कशाला बोलू, नंदू नाही, तू आठवलास.

अव्याच्या गच्चीवर मी तुला म्हणालो होतो, "चार-पाच जण जगले असते रे." नंदू गेला, तू अवयव द्यायला नाही म्हणालास, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. तू ओरडला नाहीस. चपला उलट्या घातल्यास आणि तशाच घालून जिना उतरलास. दोन वर्षं अबोला. पुढे मॅचच्या निमित्तानं बोलायला लागलो आणि तो विषय आपण दोघांनी गाडून टाकला. पण त्या रात्री जिन्यातून तू एक वाक्य बोलला होतास: "नंदूला काय हवं होतं विचारलं त्यांनी, आणि मला माहीत नव्हतं." मी ती सबब समजलो. आता सांगतोच, कारण हे माझ्याकडूनच कळलेलं बरं. ते वाक्य मी पुढे व्याख्यानात वापरलं. 'समाजातले गैरसमज' या स्लाइडवर. नाव घेतलं नाही, 'एक सुशिक्षित गृहस्थ' म्हटलं. लोक माना हलवायचे. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पुढचं वाचून झाल्यावर दे.

ताईनं ठरवलं. बराच वेळ पदराशी खेळत बसली आणि म्हणाली, "किडन्या द्या. लिव्हर द्या. हृदय चालत असेल तर तेही न्या. डोळे नको."

मुलगी म्हणाली, "चालेल," आणि तसं लिहून घेतलं.

आता बघ. माझ्याकडे या विषयावर चाळीस मिनिटांचं भाषण आहे. काढतात तो बुबुळाचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. चेहरा विद्रूप होत नाही. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून रक्तगट जुळवायची भानगड नाही. म्हातारपण आड येत नाही, चष्मा आड येत नाही. एडुआर्ट झिर्मनं हे १९०५ साली करून दाखवलं, किडनीच्या पहिल्या यशाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. दोन माणसांना दिसलं असतं. मी तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी मोठ्या माणसांत लुडबूड केली की बघायची तसंच. मी मिटलं.

हेच डोक्यातून जात नाही. दिवसा वाटतं, बरोबर केलं. ती त्या माणसाच्या डोळ्यांकडे तीस वर्षं बघत आलीय, तिला मिलिमीटर कसले सांगतोस? रात्री वाटतं, कुठेतरी दोन माणसं अंधारात बसलीयत आणि मी एका नजरेला भ्यालो. आमच्या गटातल्या एकानं विचारलंच, "तू असताना नेत्रदान राहिलं कसं?" मी म्हणालो, "राहिलं." तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याशी जसा होतो, तसाच आहे तो आता.

माझी सुरुवात तर तुला तोंडपाठ आहे. केपटाउन, डिसेंबर १९६७, ख्रिश्चन बर्नार्ड, पहिलं हृदयारोपण. पंचवीस वर्षांची डेनिस डारव्हॉल रस्ता ओलांडताना गाडीखाली येते, तिची आई जागच्या जागी जाते, आणि तिचा बाप चार मिनिटांत हो म्हणतो. 'चार मिनिटांत!' इथे मी थांबतो आणि टाळ्या येतात. ते हृदय लाभलेले वॉशकान्स्की अठरा दिवस जगले, हे मी जरा भरभर सांगतो. पण त्या चार मिनिटांचा विचार मी कधी केलाच नव्हता. बायको आणि मुलगी एकाच दिवशी. ब्रेन डेथची ती हार्वर्ड समितीची व्याख्यासुद्धा पुढच्या वर्षीची, १९६८ ची. त्या बापाच्या हाताशी तेवढाही आधार नव्हता. चार मिनिटं म्हणजे पटकन, असं मी सतरा वर्षं समजत आलो. दाजींची दहा मिनिटं बघितल्यावर आता तसं म्हणवत नाही.

स्पेनवरून अव्याचं आणि माझं भांडण झालेलं आठवतंय? मी म्हणत होतो, कायदा करा, नाही म्हटलं नसेल तो प्रत्येक जण दाता, स्पेन बघा. अव्या म्हणत होता, कायद्यानं काही होत नाही. परवा सगळं काढून वाचलं. कायदा १९७९ चा. पण आकडे चढले ते १९८९ नंतर, मातेसान्स नावाच्या डॉक्टरनं तिथली राष्ट्रीय संस्था उभी केल्यावर. दहा लाखांमागे १४ दाते होते, ते २०१७ पर्यंत ४६ च्या वर गेले. केलं काय, तर हॉस्पिटलाहॉस्पिटलात शिकवून तयार केलेली माणसं नेमली, बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर. घरच्यांशी बोलायचं काम त्यांचं. कायदा काहीही म्हणो, घरच्यांना विचारल्याशिवाय तिथेही हात लावत नाहीत. म्हणजे अव्या बरोबर होता. आणि "काका कसे होते" विचारणारी ती मुलगी जे करत होती, ते माझ्या सतरा वर्षांपेक्षा जास्त कामाचं होतं. हे लिहितानाही जरा झोंबतंय.

हृदय काही चालण्यासारखं नव्हतं. दोन्ही किडन्या आणि लिव्हर गेलं. कुणाला ते सांगत नाहीत, विचारूही नये. ताई तरी रोज विचारते, "बरी असतील ना ती माणसं?" मी तिला सांगितलं, त्यांना आता आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील, नाहीतर शरीर परका अवयव स्वीकारत नाही. ताई म्हणाली, "वेळेवर घ्या म्हणावं. यांचं कुणाशी पटत नाही." मग आम्ही दोघं हसत सुटलो. ओंकार आतून बघायला आला, काय झालं म्हणून.

पुढच्या महिन्यात एका कॉलेजात बोलावलंय. 'गैरसमज' स्लाइड काढून टाकली. तिच्या जागी काय घालू सुचत नाही. फॉर्मचा गठ्ठा न नेता जावं असं मनात आहे. पोरांना एवढंच सांगावं, आज घरी जाऊन आईबापांना विचारा, आणि तुमचंही त्यांना सांगून ठेवा. पण आयोजकांना फॉर्मचा आकडा लागतो, अहवालात लिहायला. अजून ठरलं नाही. की जाऊच नको? तुला काय वाटतं?

घरी मात्र विचारलं एकदाचं. हिला म्हटलं, माझे डोळेसुद्धा दे बरं का. ही म्हणाली, "तुमचे? आधी चष्मा कुठे ठेवलाय ते सांगा." मग भांडी आवरता आवरता पाठमोरीच म्हणाली, "माझं सगळं द्या. पण शेवटपर्यंत तिथे कुणीतरी बसा. मला एकटीला ठेवू नका." बावीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

मीराची बदली झाली का? धाकटीचा निकाल कळव. घराच्या गळतीचं तू लिहिलं होतंस, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दिग्या, नंदूच्या वेळी त्या खोलीत तुला कुणी विचारलं, काय शब्दांत विचारलं, तू किती वेळ बसला होतास, यातलं मला काही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, निकाल तेवढा दिला. आता विचारतोय. लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर पुन्हा कोरा कागद पाठव.

तुझा,
मन्या

ता. क. स्पेनचं अव्याला सांगू नकोस.